गाडीचे मागचे शॉक
गॅरेजमध्ये गळलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या तेलाचा वास आला की मला मल्लेश्वरमहून हॉस्पिटलला जायचा रस्ता आठवतो. आईच्या हाडांत कॅन्सर पसरला होता आणि आमच्या जुन्या गाडीचे मागचे दोन्ही शॉक गेले होते. रस्त्यावरचा हंप मी कितीही हळू घेतला तरी गाडी धाडकन आपटायची आणि मग झुलत राहायची. आई ओठ घट्ट मिटून घ्यायची. तिच्या पाठीला उशी धरून बसलेले वडील म्हणायचे, "स्वल्प हळू रे, तिला लागतं." गॅरेजवाला म्हणाला होता, "तेल गळायला लागलं तेव्हाच आणायची ना सर, आता दोन दिवस ठेवून जा." पण हॉस्पिटल एक दिवसाआड, आणि परक्या टॅक्सीत बसायला आई तयार नसायची. ती गेली, गाडी दारात नुसती उभी राहिली, तेव्हा कुठे भावाने शॉक बदलून आणले. अस्थी घेऊन आम्ही श्रीरंगपट्टणला निघालो. पहिलाच हंप गाडीने अलगद घेतला. मांडीवरचा कलश दोन्ही हातांनी धरून बसलेले वडील हळूच म्हणाले, "आज नाही लागलं तिला." आता शॉकवर तेलाचा नुसता ओलावा दिसला तरी मी त्याच दिवशी गाडी गॅरेजला नेतो. मागे बसायला आता कोणी नाही.