आपुओंच्या तोंडचा घास

विलाखो माझा सख्खा थोरला भाऊ, आणि मी त्याच्याबद्दल चांगलं बोलणार नाही. चांगलं बोलायला माणसं कमी नाहीत. कोहिमाहून गाड्या भरून येतात, गळ्यात दुर्बिणी अडकवून रानात शिरतात आणि परतताना त्याचा हात हातात घेऊन फोटो काढतात. लालमान्या पक्षी वाचवणारा पहिला माणूस म्हणे. वाचवला, खरं आहे. कसा वाचवला, ते माझ्याकडून ऐका.

आमच्या गावात पुरुषाची लायकी त्याच्या दर्शनी भिंतीवर टांगलेल्या शिकारीच्या जनावरांच्या कवट्यांवरून ठरते. आमचे वडील, आपुओ, यांची भिंत सगळ्यात भरगच्च. विलाखोही कुणी साधुसंत नव्हता. लालमान्या नराची हुबेहूब शीळ घालून तो त्याला झुडपाबाहेर काढायचा आणि टिपायचा. मग एका हिवाळ्यात तो आठवडाभर शीळ घालत हिंडला आणि कुठूनच उत्तर आलं नाही. घरी आला, बंदूक पुसली आणि आढ्याला बांधून टाकली.

त्यानंतर त्याने गावाचं डोकं खाल्लं. पंचांपुढे उभा राहून शिकारबंदी मागितली. माझा नवरा ख्रिएतो भर सभेत म्हणाला, “करून करून भागले अन् देवपूजेला लागले. हे आमचे मेव्हणे!” सगळे खो खो हसले. तरी हा हटेना. शेवटी म्हाताऱ्यांनी कंटाळून हो म्हटलं. आमच्यात नियम मागणाऱ्यानेच तो मोडला, तर मग तो कुणालाच लागू राहत नाही. गाव त्याच दिवसाकडे डोळे लावून बसलं होतं.

भाताची कापणी उरकली आणि आपुओंनी अंथरूण धरलं. मरणाऱ्याला काय खावंसं वाटतं ते विचारायचं आणि कुठूनही आणून द्यायचं, ही आमची रीत. वासना ठेवून माणूस गेला तर घरच्यांना कुणी माणसात धरत नाही. मी विचारलं. आपुओ म्हणाले, “लालमान्याचं गाल्हो कर, नेनो. विलाखोने मारलेला हवा.” गाल्हो म्हणजे आमची मांस नि पाला घातलेली भाताची पेज.

बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? ख्रिएतो आणि इतर शिकारी बंदुका घेऊन आमच्या अंगणात येऊन बसले. ख्रिएतो मला म्हणाला, “तुझा भाऊ रानात शिरला रे शिरला, की आम्ही मागोमाग.”

मी विलाखोच्या पाया पडायचीच बाकी राहिले. “दादा, एकच. बापासाठी एकच मार. देवसुद्धा बोल लावणार नाही.”

“अंगणात कोण बसलंय ते बघ.”

“बसू दे त्यांना. तुला बाप मोठा की पाखरू?”

त्याने परसात जाऊन कोंबडी कापली, स्वतःच गाल्हो शिजवलं. मला वाटलं, निदान खोटं तरी बोलेल. बोलला असता तर मी त्याची बाजू घेतली असती. त्याने वाटी आपुओंच्या ओठांशी नेली आणि अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आपुओ, ही कोंबडी आहे. लालमान्या मी मारणार नाही.”

आपुओंनी तोंड मिटलं. मग माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले.

बंदी टिकली. कुणाचं रानावर प्रेम उतू गेलं म्हणून नव्हे. ज्याने मरणाऱ्या बापाला दिलं नाही, त्याच्याकडे लेकीच्या लग्नासाठी सूट मागायला कोण कुठल्या तोंडाने जाणार? विलाखोला मात्र गावाने वाळीत टाकल्यासारखंच केलं. एका वयाच्या पोरांची आमच्यात टोळी असते, ती जन्मभर एकत्र राबते आणि एकत्र जेवते. त्याच्या टोळीने त्याला हाकललं. मीही बोलणं टाकलं.

आता रान त्या शिळेने भरलंय. तेच शिकारी पाहुण्यांचे वाटाडे झालेत, ख्रिएतो तर सगळ्यांच्या पुढे. आणि परवा विलाखो माझ्या चुलीपाशी येऊन बसला. इतक्या वर्षांनी मी तोंड उघडलं.

“तेव्हा एक मारला असतास तर काय बिघडलं असतं?”

“एकाने काही बिघडलं नसतं.”

“मग?”

“मी एक आणला असता, तर तुझ्या नवऱ्याने अंधार पडायच्या आत उरलेले सगळे आणले असते.”

हे खोटं नाही. ख्रिएतो बाहेर ओसरीवर बसून ऐकत होता, तो उठून अंगणात गेला.

“आणि आपुओ?” मी म्हटलं.

“आपुओ उपाशी गेले. ते माझ्या माथी.”

मी वाट बघितली. चुकलो, एवढं एकदा म्हणाला असता तर मी ताट वाढलं असतं, भात तयार होता. तो निखाऱ्यांकडे बघत राहिला. मी भांड्यावर झाकण ठेवलं आणि म्हटलं, “ऊठ. तुझे पाहुणे खोळंबले असतील.”