तीन घाव

"जरा वाढवून सांगा की!" कुणी काहीही सांगायला आलं, की अण्णा कानामागची पेन्सिल काढून हेच म्हणायचे. कमलनगरात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गुलबर्ग्याच्या एका पेपरला ते बातम्या पाठवत. विहिरीत पडलेली शेळी त्यांच्या बातमीत म्हैस होऊन निघायची. तुम्ही म्हणाल, लबाड माणूस. छे! त्यांना लोक खूश झालेले बघायची भारी हौस.

शेवंताबाईचं प्रकरण घडलं आणि अण्णांना घबाड मिळालं. बांधावरच्या भांडणात तिचा विळा दिराच्या खांद्याला लागला. घाव एकच. अण्णांनी पेपरात तिची 'कमलनगरची रणचंडी' केली. ती जामिनावर सुटली, तर उदगीरहून जिपा भरभरून लोक तिला बघायला आले. एवढ्यावर थांबतील तर ते अण्णा कसले! जत्रेला त्यांनी यावर संगीत नाटक बसवलं. त्यात फौजदार गायचा, पेपरवाले फुगड्या घालायचे आणि लुगडं नेसलेला एक गडी विळा उगारून लावणी म्हणायचा. ढोलकीवर मी होतो. घाव पडला, मी थाप मारली आणि मंडप ओरडला, "वन्समोर!" पुन्हा घाव, पुन्हा "वन्समोर!" तिसऱ्या वेळी मीही चेकाळून थाप मारली.

पुढं बिदरच्या कोर्टात दिराचा साक्षीदार शपथेवर म्हणाला, "तीनदा मारली, साहेब. डोळ्यानं बघितलो." भांडणाच्या वेळी तो लांबच्या शेतात होता, जत्रेत मात्र पहिल्या रांगेत बसला होता. बिचाऱ्याला दोन्ही एकच वाटू लागलं होतं. पण एक घाव म्हणजे झटापट आणि तीन म्हणजे जीव घ्यायचा बेत. शेवंताबाई तुरुंगात जाणार हे दिसतच होतं.

ऐकून अण्णांनी दुकानात हातातलं चाक खाली ठेवलं आणि तिच्या वकिलाचा पत्ता विचारला. मी म्हणालो, "कोर्टात खरं बोललात तर पेपर हातचा जाईल, अण्णा."

"जाऊ दे की. बाई आत जायलीय न्हवं?"

तिच्या वकिलानं त्यांना पिंजऱ्यात उभं केलं. "माझ्या नाटकात घाव एकच हाय, साहेब. लोकांनी वन्समोर दिला म्हणून तीन झाले. ह्यो गडी पहिल्या रांगेत बसून तेच बघितला. आन् ते रणचंडीबिंडी मीच घातलो." सगळं कोर्ट हसलं. साक्षीदारानं मान खाली घातली. शेवंताबाई सुटली, आणि पेपरनं अण्णांना काढून टाकलं. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पण गाव कुठलं सोडतंय! ती बाजारात दिसली, की हॉटेलाच्या बाकावरून आरोळी यायची, "वन्समोर!" अण्णा माफी मागायला गेले तेव्हा ती म्हणाली, "माफीचं काय करू, अण्णा? लोकं बाजारला जाऊ द्यायलेत का मला?" तेव्हापासून दर बाजाराला अण्णा दुकान बंद करून तिच्यामागं दहा पावलांवर चालायचे. त्यांच्यासमोर ओरडायची कुणाची टाप नव्हती. असं पंधरा वर्षं चाललं.

अण्णा गेले, त्याच्या पुढच्या बाजाराला मी हॉटेलात चहा घेत होतो. शेवंताबाई पिशवी घेऊन आली. सवयीनं तिनं मागं वळून बघितलं आणि ती जागीच उभी राहिली. शेजारच्या बाकावर कुणीतरी घसा खाकरला. मी कप खाली ठेवला, रस्ता ओलांडला आणि तिच्यामागं जाऊन उभा राहिलो.

"चला, अक्का," मी म्हणालो.