टाकी रिकामी नको

मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावरच्या कर्णिकांच्या घरात दोन फूट लांबीचा एक समुद्र होता. अनंतरावांनी तो हौसेने आणला आणि चार वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा त्यांच्या बायकोच्या, मृणालिनीच्या वाट्याला आला. पाकिटातलं मीठ मोजून आरओच्या पाण्यात कालवायचं, मीटरने खारटपणा बघायचा, काचेवरचं शेवाळ खरवडायचं. शाळेच्या कार्यालयात एकतीस वर्षं हजेरीपट सांभाळलेल्या बाईला त्यात जड असं काही नव्हतं. पण घरात दुसऱ्या कुणालाही ते येत नव्हतं.

खाऱ्या पाण्यातल्या माशांची ती काचेची टाकी सासूबाईंच्या पलंगासमोर होती. जानकीबाई एकोणनव्वद वर्षांच्या. घरावर येणारं संकट मासा स्वतःवर घेतो, हे त्यांचं ठाम मत. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात निळा मासा गेला. धाकट्या सुबोधची गाडी ठोकली तेव्हा पिवळा. पानात सुरमईची तुकडी आली तर मात्र काटा चोखून खात. "आई, हिने काय पाप केलं होतं?" असं सुबोधने विचारलं तर म्हणाल्या, "ती आपल्या घरची नव्हे."

अनंतराव गेले तेव्हा टाकीत एकही मासा नव्हता. रोग आला म्हणून ती रिकामी ठेवली होती. त्यामुळे या विषयावर घरात कुणी वाद घालत नसे.

या फेब्रुवारीत मृणालिनी आठ दिवसांसाठी गुहागरला, बहिणीकडे जाणार होती. चार वर्षांत ती एक रात्रही बाहेर झोपली नव्हती. सुबोध आणि त्याची बायको सपना बोरीवलीहून राहायला येणार होते, गुरुवारच्या बसचं तिकीट काढलं होतं, आणि आपल्याकडचा एकुलता एक नारिंगी मासा कसा सांभाळायचा ते तिने दोन पानं भरून लिहून ठेवलं होतं. सोमवारी सकाळी तो मासा वाळूवर आडवा पडलेला दिसला.

"गेला ना?" पलंगावरून आवाज आला. "आता दुसरा आण. टाकी रिकामी नको."

दुकानदार काशीराम वीस वर्षं शोभेचे मासे विकत होता. मृणालिनी दुकानात गेली तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, "अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके होते?"

"होते."

"मग रोग पाण्यात आहे, ताई. आठ आठवडे मासा सोडू नका, मग तो आपोआप मरेल. साहेबांनाही तेव्हा हेच सांगितलं होतं मी."

"ते ठाऊक आहे मला. दुसरं काही?"

त्याने शंखात राहणारे दोन खेकडे दिले. त्यांना हा रोग होत नाही, म्हणाला.

जानकीबाईंनी चष्मा लावून खेकडे नीट पाहिले. "मासा कुठाय?"

"हाही जीवच आहे, आई."

"असेल. पण संकट आलं की हा शंखात शिरणार." त्यांनी मान वळवली आणि मंगळवारी दिवसभर जेवल्या नाहीत.

संध्याकाळी सुबोधचा फोन. "वहिनी, सोड ना गं एखादा. चार दिवसांनी मेला तर मेला. तोवर तू गुहागरला पोचलेली असशील."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बुधवारी ती परत काशीरामकडे गेली. त्याने जाळीने मासा काढला, पिशवीला गाठ मारताना तिच्याकडे पाहिलं नाही. "धट्टाकट्टा आहे," एवढंच म्हणाला.

घरी तिने पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली. माशाला नव्या पाण्याची सवय व्हायला तासभर लागतो. दर पाच मिनिटांनी टाकीतलं थोडं थोडं पाणी पिशवीत घालायचं असतं. तिने वाटी हातात घेतली. मासा बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. तो प्लॅस्टिकला तोंड लावून बाहेर बघत होता. भरलेली बॅग दाराशी होती. वाटी पाण्यात बुडली, भरली, आणि तशीच तिच्या हातात राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्या पाण्याचा एक थेंबही तिने पिशवीत घातला नाही.

मग तिने माळ्यावरची कोरी पांढरी बादली काढली, नवं मीठ कालवलं, मीटर दोनदा बघितला, हवेची नळी सोडली आणि मासा त्यात सोडून बादली पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवली. जानकीबाई कोपरावर उठून वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मऊ भात टाक गं जरा."

बादलीला टाकीसारखा फिल्टर नसतो. एक दिवसाआड निम्मं पाणी बदलायला हवं, त्याच खारटपणाचं, त्याच तापमानाचं. हे दोन पानांत मावणारं नव्हतं. तिने बहिणीला, अक्षताला फोन लावला.

"माशासाठी?" अक्षता म्हणाली. "एका माशासाठी येत नाहीस तू?"

"आठ आठवडे फक्त. एप्रिलमध्ये बघू."

"मागच्या वर्षी दिवाळीनंतर बघणार होतीस. बघ, बाई. घरात समुद्र आहेच की तुझ्या."

मृणालिनीने बॅगेतले कपडे कपाटात लावले. भाताच्या कुकरची शिटी होत होती.

"मृणाल," सासूबाईंनी हाक मारली, "वर जाळी नीट बसव हो. हे मासे उडी मारतात."

"माहीत आहे, आई," ती म्हणाली, आणि भाजीची प्लॅस्टिकची जाळी बादलीवर उपडी ठेवून तिने वर खलबत्त्यातला बत्ता आडवा ठेवला.