सबनीस सरांचं सुरक्षित नेटवर्क

चहाचे उष्टे कप आणि सबनीस सरांचे किस्से, दोन्ही आमच्या बिबवेवाडीच्या ऑफिसात साठतच जातात. उचलायला कुणी नाही! लोक ऐकून हसतात. माझं मात्र डोकं फिरतं.

काम काय, तर क्लायंटच्या सगळ्या मशिन्सचं कॉम्प्युटरवर हुबेहूब मॉडेल करायचं आणि त्यावर खोटा सायबर हल्ला चढवायचा. काय कोसळणार ते आधीच कळतं.

सर आमचे बॉस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॉडेलमध्ये प्रत्येक मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी कशाला? एक नवी कोरी घ्या, सगळीकडे कॉपी-पेस्ट!"

माझी सहकारी नसरीन पक्की कसबा पेठेतली. म्हणाली, "सर, चोर दाराचं कुलूप बघून येतो. आपण काढलेलं चित्र बघून नाही."

*

एकदा आमचा खोटा हल्ला क्लायंटच्या प्रिंटरमधून आत शिरला. त्याची जुनाट सिस्टिम मी होती तशीच मॉडेलमध्ये घेतली होती.

"प्रिंटर काढून टाका," सर म्हणाले.

"क्लायंटला तसं कळवू?"

"त्यांचा नाही हो! मॉडेलमधला!"

*

डेमोत स्क्रीन लालभडक झाली की सरांना घाम फुटतो. "हल्ला जरा हळू करा. आणि तो लाल रंग काढा, समोर पाहुणे असतात."

पुढच्या डेमोत हॅकरने पोपटी रंगात सत्यानाश केला. टाळ्या पडल्या!

*

मग आलं मार्केट यार्डातलं कोल्ड स्टोरेज. मालकांना गारवा मोबाइलवरून सांभाळायचा होता. कूलिंगचं मशीन इंटरनेटला जोडावं का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मशीनची सिस्टिम इतकी जुनी, की बनवणाऱ्यांनीही तिचा नाद सोडलेला. आमच्या हल्ल्यात कूलिंग पहिल्याच झटक्यात बंद पडलं.

सरांनी मॉडेलमध्ये नवी सिस्टिम टाकायला लावली. सगळं हिरवंगार!

"अहो, उद्या खरोखर बंद पडलं तर लोकांचा माल सडेल!" मी ओरडलोच.

"क्लायंटला समाधान हवंय. तुमचं ज्ञान नको."

इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

*

रिपोर्ट पाठवायच्या दिवशी सर सफरचंदांची पेटी घेऊन आले. सासऱ्यांचा मार्केट यार्डात गाळा आहे, तिथली. स्वतःच कापून वाटायला लागले.

नसरीनने एक फोड तोंडात टाकली. "गोड आहेत. सासरे माल कुठे ठेवतात, सर?"

"अहो, आपल्याच क्लायंटकडे! अख्ख्या सीझनचा!"

नसरीनने दुसरी फोड उचलली.

सरांची सुरी थांबली. मग हळूच म्हणाले, "ते जुन्या सिस्टिमचं मॉडेल… डिलीट नाही ना केलंत?"