रुसे गावातलं भरीत

सत्तर सालानंतरची गोष्ट. बल्गेरियातल्या त्या गावाचं नाव रुसे, डॅन्यूब नदीच्या काठावर. आमचे हे तिथल्या कारखान्यात यंत्रं शिकायला गेले, सोबत मी. जळगावात सगळ्यांना वाटलं आम्ही रशियाला निघालो. सासूबाई तर शेवटपर्यंत तेच सांगत होत्या. मी मात्र गावाच्या नावाला जागले आणि तिथं रुसून बसले.

रुसू नाही तर काय करू? हे सकाळीच कारखान्यात जात, मी खिडकीतून नदी बघत बसायचे. तापीपेक्षा मोठी होती, पण नदीशी किती बोलणार? दिवाळीपर्यंत बोलायला एक जरी बाई मिळाली नाही, तर मी एकटी परत जाईन, असं ह्यांना बजावलं होतं. हे म्हणाले, "बरं." संतापच आला मला.

एका दुपारी वांगं भाजल्याचा वास आला. मी अनवाणीच खाली धावले. शेजारीण अंगणात जाळावर वांगी भाजत होती. मी समोर फतकल मारली आणि सालं काढायला लागले. तिनं आणखी एक वांगं माझ्यापुढे सरकवलं. मराठी तिला कळणार नव्हतंच, मग म्हटलं अहिराणीच बोलू. "हाई ते भरीतच शे वं माय!"

तेवढ्यात तिनं त्यात व्हिनेगर ओतलं. अगं बाई! चांगल्या भरताचं वाटोळं! मी वर जाऊन घरून नेलेल्या मिरच्यांचा ठेचा आणला. "टाकू का?" तिनं जोरजोरात मान वरखाली हलवली. मी वाडगाभर टाकला. ती बघतच राहिली. तिची हिवाळ्याची बेगमी होती ती, हे मला मागाहून कळलं.

तिनं बोटभर चाखलं. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. "चांगलं झालं का?" तिनं मान आडवी हलवली. मी वर येऊन ढसाढसा रडले. एक बाई मिळाली होती, तीही घालवली.

संध्याकाळी हे म्हणाले, "इथं हो म्हणायला मान आडवी हलवतात, आणि नाही म्हणायला वरखाली. सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं सांगितलं. त्यावरून चांगली जुंपणार, तोच दार वाजलं. दारात शेजारीण, डोळे अजून लाल. कुटण्याची खूण करत होती.

"आणखी पाहिजे?" मी विचारलं.

तिनं मान आडवी हलवली.

मी तिला हाताला धरून आत ओढलं आणि ह्यांना म्हटलं, "तुम्ही जरा फिरून या. आम्हाला बोलायचंय."