हं, आता आपलं

खराडीच्या ट्रेनिंगवाल्याने मला फसवलं. "माणसं तयार करून देतो" म्हणाला आणि माझ्या लिफ्ट दुरुस्तीच्या चार माणसांना दोन दिवस पडद्यावर चित्रं दाखवून गेला.

खरं शिकवतात ते आमचे एक जुने फिटर. रोज सकाळी चौघांना घेऊन चहाला बसतात, आधी स्वतःची कालची चूक सांगतात, मग शेजारच्याला म्हणतात, "हं, आता आपलं." मला हा टाइमपास वाटायचा.

परवा एकजण चाचरत म्हणाला, "कर्वेनगरच्या लिफ्टचा ब्रेक तपासायचा राहिला बहुतेक." मी उसळलो. फिटर म्हणाले, "मालक, आपण ओरडलात तर उद्या कुणी तोंड उघडणार नाही. चहा घ्या." तोवर त्यांनी सोसायटीला फोन लावून लिफ्ट बंद करवलीही होती. जाऊन पाहिलं, तर ब्रेकचा नट नुसत्या हाताने फिरत होता. कुणालाही काही झालं नव्हतं. मी जिन्यातच बसलो आणि मोकळा श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी चहाला फिटर माझ्याकडे वळले. "हं, आता आपलं."

त्या ट्रेनिंगवाल्याला नेमलं, ही माझी चूक मी सांगितली. आता त्याने इथे येऊन, या चौघांसमोर बसून, त्याची सांगावी.