गढूळ बिअरचे मार्क

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीला मायक्रोबायोलॉजी शिकून मी साताऱ्याजवळच्या बिअरच्या एका छोट्या कारखान्यात लॅबमध्ये लागले होते. सहा महिने बघणार, पटलं तर कायम करणार, नाहीतर घरी. आणि पाचव्याच महिन्यात मी एका टाकीत हॉप्स दुसऱ्यांदा घातले. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळकी फुलं. आधीच्या पाळीनं ती घातल्याचं वहीत लिहिलं नव्हतं, मीही विचारलं नाही, आणि तेवढीच पुन्हा ओतून मोकळी झाले.

बिअर उसाच्या रसासारखी गढूळ झाली. कारखाना चालवणाऱ्या साहेबांनी काचेचा ग्लास उजेडाकडं धरला आणि नाक मुरडलं. साहेब इथलेच, चिडले की गावच्या बोलीत यायचे. "ही काय बिअर हाय का गटाराचं पाणी? सोमवारी टाकी सोडून द्या. आन् मॅडम, तुमीबी दुसरीकडं बघा."

मी घाबरून तिथून सटकलेच. पण टाकीपाशी येईपर्यंत भीतीचा राग झाला होता. चाखलीसुद्धा नाही की हो या माणसानं! नुसतं बघून नापास?

मी स्वतः चाखली. आम्ही वडूजचे, घर बौद्ध, दारू न पिण्याची प्रतिज्ञा आजोबांपासून पाळलेली. नोकरी धरताना आईनं बजावलं होतं, "चाखायचं तर चाख, पण गिळायचं न्हाई." म्हणून मी घोट तोंडात घोळवून थुंकत असे. त्या दिवशीही थुंकले आणि तशीच उभी राहिले. आधी संत्र्याची साल, मग पिकलेला आंबा, मग सावकाश कडू. आईशप्पथ, त्या कारखान्यात असलं काही मी चाखलं नव्हतं. एवढी चांगली चीज गटारात जाणार या विचारानं मला रडूच फुटलं.

आता आमच्याकडची चाखायची पद्धत ऐका. साहेब धरून चार जण दुपारी जेवण झाल्यावर बसायचे. डब्यात भाकरी-खर्डा, वर तंबाखूची चिमूट, आणि त्या जळजळत्या तोंडानं दहापैकी मार्क द्यायचे! मी दोनदा बोलून बघितलं होतं, पण ऐकतंय कोण? टाक्या सांभाळणारे मामा पाटणकडचे, फौजेतून आलेले. ते मला म्हणायचे, "ताई, खर्डा खाल्ल्यावर त्यास्नी रॉकेल दिलं तरी पास करतील."

सोमवारी सकाळी मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. "टाकी सोडायच्या आधी एकदा चाखा, पण मी सांगते तशी. नाही पटली तर मी आजच जाते."

"बघू तर," साहेब म्हणाले.

मी चौघांना चहाच्याही आधी बसवलं. तंबाखूची डबी खिशातून काढायची नाही. प्रत्येकाला ज्वारीच्या कोऱ्या भाकरीचा तुकडा आणि पाणी दिलं, तोंड साफ व्हायला. आणि काचेचे ग्लास बंद! कँटीनमधले स्टीलचे पेले आणले. वर फेस, खाली अंधार, रंग दिसायची सोयच नाही. प्रत्येकापुढं तीन पेले, दोन नेहमीच्या बिअरचे आणि एक माझ्या टाकीचा. कुठला कुठला, ते फक्त मामांना ठाऊक.

पहिल्या पेल्याला पाच-सहा मार्क पडले. दुसऱ्यालाही तसेच. तिसऱ्याला तंबाखूवाले आपली चुळबुळ विसरले. साहेबांनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा. त्यांनी पेला खाली ठेवायचं नावच काढलं नाही! कागद गोळा केले तर तिसऱ्या पेल्याला आठ, नऊ, नऊ, आणि साहेबांचे नऊ.

"लय भारी हाय ही! कुठल्या टाकीची?"

मामांनी साहेबांच्या पेल्यात उरलेली बिअर काचेच्या ग्लासात ओतून पुढं ठेवली. गढूळच्या गढूळ.

"गटाराचं पाणी, साहेब," मी म्हटलं. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

साहेबांनी ग्लास माझ्यापुढं सरकवला. "तुमचे किती?"

नव्या माणसानं मार्क द्यायची रीत नव्हती. मी घोट घेतला, घोळवला, थुंकला. "आठ. शेवटचा कडवटपणा जिभेला जरा जास्तच धरून राहतो. हॉप्स दीडपट पुरले असते."

"नोकरी जायला लागलीया, आन् सोताच्याच मालाचे मार्क कापताय?"

"मग काय खोटं सांगू?"

साहेबांनी आणखी एक घोट घेतला, डोळे मिटून बराच वेळ तोंडात धरला. मग पेन काढून आपल्या कागदावरचे नऊ खोडले आणि आठ लिहिले.

"टाकी सोडायची न्हाई," ते मामांना म्हणाले. "आन् पुढची टाकी ह्या बाई सांगतील तशी लावा."